शोधायचा शब्द

दर शनिवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी क्लास घेतो. क्लास म्हणजे फार काही नाही. भिंतीवर पडदा, मित्राकडून मागून आणलेला प्रोजेक्टर आणि समोर वीस-पंचवीस एमपीएससीवाले. विषय एकच: इंटरनेटवर शोधायचं कसं. हापिसात हे सांगितलं की लोक हसतात. "यात काय शिकवायचं? टाइप करायचं की झालं."

मंडळी, एवढं सोपं नाहीये ते. गूगलमध्ये डॅन रसेल नावाचे एक संशोधक होते. लोक शोधतात कसं, याचा अभ्यास करणं हेच त्यांचं काम. २०११ मध्ये त्यांनी सांगितलं होतं की त्यांच्या पाहण्यातल्या दहापैकी नऊ लोकांना कंट्रोल-एफ दाबून पानावरचा शब्द शोधता येतो, हेच ठाऊक नव्हतं. माझ्या क्लासात तर निम्म्यांकडे फक्त फोन. ब्राउझरच्या त्या तीन ठिपक्यांमागे तीच सोय आहे, हे पहिल्याच शनिवारी दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून "आयला!" असा आवाज आला. चाळीस पानांची पीडीएफ बोटाने सरकवत वाचणाऱ्याला ती सोय म्हणजे काय, हे आपल्याला नाही कळायचं.

पण ही झाली बटणं. अवतरणचिन्हांत टाकलं की तेच शब्द त्याच क्रमाने येतात, 'साइट' लिहून कोलन दिला की एकाच संकेतस्थळावर शोधता येतं, नको त्या शब्दाआधी उणे चिन्ह. एका शनिवारात उरकतं सगळं. खरी अडचण वेगळीच आहे. मुलं गूगलला काकांना विचारावं तसं विचारतात. "पुण्यात इंग्रजांची आणि पेशव्यांची लढाई कुठे झाली ते सांगा". आता 'सांगा' हा शब्द कुठल्या इतिहासकाराने आपल्या लेखात लिहून ठेवला असणार?

म्हणून माझा नियम असा की पहिली पाच मिनिटं फोन उलटा ठेवायचा आणि वहीत दोन गोष्टी लिहायच्या. हे उत्तर कुणी लिहून ठेवलं असेल? आणि त्याने ते कुठल्या शब्दांत लिहिलं असेल? आपले शब्द विसरायचे, त्याचे आठवायचे. १८१७ च्या त्या लढाईबद्दल जुनी इंग्रजी पुस्तकं धुंडाळायची तर खडकीचं आजचं स्पेलिंग पुरत नाही, तिथे साहेबाचं 'किर्की' हवं. १८८५ चं गॅझेटियर हवं तर 'पूना'. आपण आयटीवाले हे रोज नकळत करतोच की. प्रोग्रॅम कोसळला की "माझा प्रोग्रॅम का चालत नाही" असं कुणी शोधतं का? एरर मेसेजमधलं आपल्या मशीनचं, फोल्डरचं नाव काढायचं आणि उरलेलं वाक्य अवतरणचिन्हांत टाकायचं. कारण जगात अजून कुणाचं तरी याच ओळीवर डोकं फुटलेलं असतं, आणि त्यानेही तीच ओळ कुठेतरी चिकटवलेली असते.

मराठीत यात आणखी एक गोची आहे. पुणे, पुण्यात, पुण्याच्या, पुणेकर... अवतरणचिन्हांत एक रूप टाकलं की बाकीची निसटतात. त्यात जुनी मराठी पीडीएफ असेल तर ती युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेली असू शकते. डोळ्यांना स्वच्छ मराठी, आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा कचरा! अशा कागदात कितीही शोधा, काही मिळत नाही. आणि मिळालं नाही म्हणजे ते नाहीच, असंही नसतं. हे कितीदाही सांगितलं तरी कमीच.

असो. हे सगळं ज्यांच्यामुळे मी गंभीरपणे घ्यायला लागलो त्या दादांबद्दल सांगायचंय. दादा हिंगोलीकडचे, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. तरी मला "सर"च म्हणायचे. पुण्यात नऊ वर्षं कॉट बेसिसवर काढलेली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन आलेले. खुला प्रवर्ग, वयाची मर्यादा ३८. ती आधीच्या ऑक्टोबरात पूर्ण झालेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते फोन घेऊन माझ्याकडे आले. कुठल्याशा ग्रुपवर मेसेज फिरत होता: मोठी बातमी, वयोमर्यादा आता ४०. सोबत जीआरच्या पानाचा फोटो. रूमच्या मालकाला महिनाअखेरपर्यंत सांगायचं होतं, पुढचे अकरा महिने राहणार की खोली सोडणार. घरी वडिलांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता.

दादांनी शोधून पाहिलं होतं: "एमपीएससी वय वाढवले का नवीन जीआर". मिळाले काय, तर क्लासवाल्यांचे व्हिडिओ आणि एकमेकांवरून उतरवलेल्या बातम्या. म्हटलं, आज हाच धडा. वही काढा. कुणी लिहिलं असेल? सामान्य प्रशासन विभाग, हे तर यांना झोपेतही सांगता येतं. कुठल्या शब्दांत? "वयवाढ", "वयात सूट" वगैरे झालं. मग साताऱ्याची एक मुलगी म्हणाली, "सर, सरकार वाढवत नाही. शिथिल करतं."

सगळे हसले, पण तोच शब्द होता. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग निवडला, 'कमाल वयोमर्यादा' आणि 'शिथिलता' टाकलं आणि मूळ कागद समोर आला. जीआर अस्सल होता. तारीख मात्र ३ मार्च २०२३. दोन वर्षांची शिथिलता, म्हणजे खुल्याला ३८ चे ४० आणि मागासवर्गीयांना ४३ चे ४५, पण ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत निघणाऱ्या जाहिरातींसाठीच. ग्रुपवरच्या फोटोत तारीख आणि हा भाग दोन्ही नेमके कापलेले. (शासन निर्णयावर संकेतांक असतो, त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. तोही कापलेला.) म्हणजे बातमी खोटी नव्हती, शिळी होती. खोटं एकवेळ पकडता येतं, शिळं फार चकवतं.

दादांनी ते पान दोनदा वाचलं. मग शांतपणे म्हणाले, "याची प्रिंट मिळेल का? वडलांना दाखवतो." महिनाअखेरीस त्यांनी खोली सोडली. त्या रात्री घरी जाताना वाटत राहिलं, क्लास यासाठी काढला होता का आपण? पण दुसरी बाजूही होती. त्या फोटोच्या भरवशावर अकरा महिन्यांचं भाडं आणि मेसचे पैसे गेले असते, तेही शेतातून आलेले.

हल्ली मुलं विचारतात, वरच एआयचं तयार उत्तर येतं, मग हे कशाला? मी त्याला नावं ठेवत नाही. ते एका कामाला फर्मास आहे: शब्द सुचवायला. "वयाची अट वाढवणे याला सरकारी भाषेत काय म्हणतात" हे त्याला खुशाल विचारा. मग तो शब्द घेऊन मूळ कागदाकडे जा. कारण तारीख कापलेला फोटो काय आणि तारीख न सांगणारं गुळगुळीत उत्तर काय, दोन्ही सारखीच. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली होती. २०१७ मध्ये तो अभ्यास आला. त्यात इतिहासकारसुद्धा देखण्या पानांना फसले. तपासनीस मात्र ते पान वाचत बसले नाहीत, दुसरी खिडकी उघडून बाकीचे त्याच्याबद्दल काय म्हणतात ते आधी पाहून आले. आमच्या क्लासात याला "शेजाऱ्याला विचारणं" म्हणतात.

डिसेंबर २०२४ मध्ये दादांचा मेसेज आला, बऱ्याच महिन्यांनी. गावाकडून. सरकारने पुन्हा एक वर्षाची शिथिलता दिली होती. यावेळी फोटो नव्हता. शासनाच्या संकेतस्थळाची लिंक, खाली संकेतांक, त्याखाली कुठल्या जाहिरातींना लागू ती अट जशीच्या तशी. मी लगेच विचारलं, "मग फॉर्म भरताय ना?"

उत्तर आलं, "थांबा सर. आधी जाहिरात काढून वाचतो."