थर्टी फर्स्टच्या आधीची पाने

15 डिसेंबर 2025, सोमवार. सांगली

साताऱ्याहून जुने अशील आले. हायवेला त्यांची परमिट रूम आहे, वर फॅमिली सेक्शन. मोबाइलवर एका ॲपची जाहिरात दाखवली. हॉलमध्ये दोन कॅमेरे, पार्किंगला एक, आणि चित्र थेट ॲपवर. गिऱ्हाईक घरून निघतानाच बघणार की कुठे जागा आहे, कुठे गाणी रंगलीत. "वकीलसाहेब, थर्टी फर्स्टच्या आत बसवायचंय. कायद्याची काही भानगड नाही ना?" आधी विचारणारा अशील विरळाच, बाकीचे नोटीस आल्यावर येतात. लेखी मत देतो म्हटले.

16 डिसेंबर

जुने निकाल काढून बसलो. बारमधल्या कॅमेऱ्याचा प्रश्न महाराष्ट्रात एकदा लढून झाला आहे, आणि त्याचे मूळ आमच्याच जिल्ह्यात सापडते. अंजनीचे आर. आर. आबा गृहमंत्री असताना 2005 मध्ये डान्सबारवर बंदी आली. 2006 ला हायकोर्टाने ती रद्द केली, 2013 ला सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल कायम केला. सरकारने 2014 ला पुन्हा बंदी आणली, 2016 ला वेगळा कायदाच केला. आरडाओरडा सगळा नाचावर आणि नोटा उधळण्यावर. कॅमेरा परवान्याच्या अटींत गुपचूप बसला होता: आतले चित्रण पोलीस नियंत्रण कक्षाला थेट जोडा. मार्च 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले, कॅमेरा दारावर लावा, आत नको. तरी नव्या नियमांत तो परत आलाच. अखेर 17 जानेवारी 2019 ला न्या. सिक्री आणि न्या. भूषण यांनी ती अट खासगीपणावरचे आक्रमण म्हणून रद्द केली. खासगीपणाला मूलभूत हक्क मानणाऱ्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाचा आधार होताच.

आबा 2015 च्या फेब्रुवारीतच गेले. हा निकाल वाचून ते काय म्हणाले असते, हे मला कायम विचारावेसे वाटते.

आता मेख अशी की तो निकाल सरकारच्या अटीविरुद्ध होता. इथे मालक स्वखुशीने कॅमेरा लावतोय. म्हणजे जे पोलिसांनी बघायचे नाही ते साऱ्या गावाने बघायचे, आणि तेही शनिवारचा धंदा वाढावा म्हणून.

18 डिसेंबर, गुरुवार. सातारा

कोर्टाचे काम लवकर आटोपले. राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर खाऊन अशिलाकडे गेलो. कंपनीचा माणूस चाचणी दाखवायला आलेला. "सर, चेहरे आपण धूसर करतो, काळजीच नाही." कोपऱ्यातल्या टेबलावर एक जण पाठमोरा, डावा खांदा जरा पडलेला, खुर्चीच्या पाठीला हेल्मेट अडकवलेले. चेहऱ्याच्या जागी नुसता ढग. वेटरने पडद्याकडे बघितले न बघितले आणि म्हणाला, "हे आपले शाळेचे सर." मग पार्किंगचा कॅमेरा. एमएच 11 तीन, एमएच 50 एक, आणि आमच्या एमएच 10 ची पांढरी गाडी, जी मीही ओळखली. कुणाची ते इथे लिहीत नाही.

2012 मध्ये शिकागोच्या सीनटॅप कंपनीने बारमध्ये असेच कॅमेरे लावले होते. चित्र दाखवायचे नाही, चेहरे वाचून फक्त पुरुष किती, बायका किती, सरासरी वय किती एवढे सांगायचे. सॅन फ्रान्सिस्कोत तेवढ्यावरही ओरड झाली. तिथे शेजारच्या टेबलावर बहुधा अनोळखी माणूस असतो. साताऱ्यात ओळखायला पाठ पुरते.

21 डिसेंबर, रविवार. सांगली

दुपारी कवलापूरला एका लग्नाला. काळू-बाळूंचे गाव, त्यामुळे गप्पा तमाशावर गेल्याच. जत्रेत रात्री फड लागला की उजेड सगळा बोर्डावर, प्रेक्षक अंधारात. चुलता एका बाजूला, पुतण्या दुसऱ्या बाजूला, दोघांनीही उपरणे नाकापर्यंत ओढलेले. सकाळी विहिरीवर भेटले तरी कुणी कुणाला विचारायचे नाही. लपवालपवी होती, मान्य. पण त्या अंधारावर कितीतरी घरे शांत नांदली. आता पोरे पहिल्या रांगेतून फेसबुकवर लाईव्ह करतात आणि मागे वळून गर्दीही दाखवतात.

24 डिसेंबर

अशिलाचा फोन: "पाटी लावतो ना दारावर, कॅमेरा चालू आहे म्हणून." पाटीने भागत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम गेल्याच महिन्यात आले. मुख्य बंधने लागू व्हायला 18 महिने आहेत, दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो. संमती म्हणजे माणसाने समजून, स्वतःहून, स्पष्ट दिलेली. पाटीखालून आत शिरला म्हणजे दिली, असे नव्हे.

आणि गिऱ्हाईक दोन तासांनी उठून जाते. वेटर रोज आणि गाणारी मुलगी दर शनिवारी त्याच चौकटीत. ती किती वाजता सुटते हे घरबसल्या कुणालाही कळणार. हे सांगितल्यावर अशील बराच वेळ बोलले नाहीत.

सांगलीत महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली आहे. उमेदवारांना मात्र हे ॲप नक्की आवडेल, अर्थात दुसऱ्याचे टेबल बघायला.

29 डिसेंबर, सोमवार

मत टाइप करून पाठवले. हॉलमध्ये थेट चित्रण नको. पार्किंगचा कॅमेरा सुरक्षेपुरता ठेवा, ॲपला जोडू नका. निघण्याआधी माणसाला एवढेच हवे असते की जागा मिळेल का. त्याला चेहरा लागत नाही, आकडा लागतो, आणि तो काउंटरवर बसलेल्या माणसाला तोंडपाठ असतो.

31 डिसेंबर, बुधवार

रात्री साडेनऊला अशिलाचे व्हॉट्सॲप स्टेटस पाहिले: "एकूण टेबल 22, रिकामी 3, फॅमिली सेक्शन फुल." कॅमेऱ्यांची ऑर्डर रद्द केली म्हणतात. माझी फी अजून आलेली नाही.