शहापूर-मुरबाडची वाट आणि मोडलेली सावड

कल्याणहून पूर्वेकडे निघाले की दोन वाटा फुटतात. एक मुरबाडवरून माळशेज घाटाला भिडते, दुसरी आसनगाव, शहापूर, खर्डी करीत कसारा घाट चढून नाशिकला जाते. मुंबईकरांना हा मुलूख ठाऊक असतो तो पावसाळ्यातल्या धबधब्यांपुरता, नाही तर तानसा-भातसाच्या पाण्यापुरता. पाणी इथले, नळ तिकडचे! आपल्यासारख्या शेतकऱ्याने मात्र हा भाग आषाढात पाहावा.

सखल खाचरात भात आणि डोंगरउताराला नाचणी-वरई, अशी इथली शेती. उन्हाळ्यात कवळ, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसाला त्यावर बी टाकायचे. रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की आवणीची घाई उडते. उशीर झाला की फुटवा कमी, उतारा कमी. ही आवणी एकट्या घराच्या आवाक्यातली नव्हे. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशी सावड चालते. ठाकूर असो, कातकरी असो, महादेव कोळी असो की कुणबी, सावडीवाचून लहान शेतकऱ्याचा भात चिखलाला लागत नाही.

या मुलखाने परकी माणसे आणि नवे विचार पुष्कळ पाहिले. मुरबाडच्या अंगाने वर चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. व्यापाऱ्यांचे तांडे याच वाटेने जुन्नरला जात. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देशासाठी प्राण दिले. जे मनाला पटले त्यासाठी सोसणारी माणसे इथल्या मातीला नवी नाहीत.

मुरबाडच्या बाजूला एका वाडीत मात्र सोसण्याचा निराळा प्रकार पाहिला. वाडीचे नाव सांगत नाही, सांगून कुणाचे भले व्हायचे नाही. एका ठाकूर कुटुंबाने येशू ख्रिस्ताची भक्ती धरली होती. दर रविवारी चार माणसे ओटीवर बसून प्रार्थना करीत, एवढेच. वाडीने बैठक घेतली आणि ठरवले, की त्यांच्या सावडीला कोणी जायचे नाही, त्यांना कोणी बोलवायचे नाही. हापशावर त्या घरच्या बाईची कळशी मागे सारली जाऊ लागली. गिरणीत तिचे दळण शेवटी. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पण राबातले रोप महिन्याच्या पुढे गेले, पाने पिवळी पडू लागली. भाताचा सल्ला द्यायला गेलो, तर ती बाई म्हणाली, “साहेब, खत किती घालू ते मग सांगा. आधी लावायला माणसे कुठून आणू ते सांगा.”

या प्रश्नाला कृषी खात्याच्या पुस्तकात उत्तर नाही.

कसाऱ्याची गाडी आजही ज्या मार्गाने जाते, त्या मार्गाच्या दोन टोकांशी अशीच एक जुनी कथा बांधलेली आहे. कवी नारायण वामन टिळक यांचे लहानपणीचे शिक्षण कल्याणला झाले, पुढे नाशिकला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. चित्पावन घरातला विद्वान कवी ख्रिस्ती झाला म्हणून केवढा हलकल्लोळ माजला! पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळले. काही वर्षे नवरा-बायको एकमेकांपासून दूर राहिली. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे पाळतच. आणि १९०० साली, स्वतःच्या मनाने, त्यांनीही दीक्षा घेतली. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथेत हे सारे आले आहे. ज्या टिळकांना समाजाने परके मानले, त्यांची मराठी भजने आज चर्चमध्ये म्हटली जातात आणि कविता शाळेच्या पुस्तकांत आल्या. धर्म बदलला, पण टिळकांची मराठी सुटली नाही.

सगळ्यांच्याच वाट्याला असा सन्मान येत नाही. डिसेंबर १९९८ मध्ये नाताळच्या सुमारास, आपल्या नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या गुजरातच्या डांगात आदिवासी ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळे जाळली गेली. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये जानेवारी २०२५ मध्ये एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाला त्याच्याच गावात मूठमाती देण्यास विरोध झाला. प्रेत सुमारे तीन आठवडे शवागारात पडून होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली आणि अखेर वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश झाला. जिवंतपणी हापसा आणि मेल्यावर साडेतीन हात जमीन, एवढ्यावरच माणसाची अडवणूक होते!

गावकऱ्यांचीही एक बाजू असते. “आमिष दाखवून माणसे फोडतात, देवाच्या जत्रेची वर्गणी बंद होते, गावाची एकी मोडते,” असे ते म्हणतात. जिथे आमिष किंवा जबरदस्ती असेल तिथे ती चूकच. दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच म्हटले आहे. पण स्वतःच्या मनाप्रमाणे देव भजणे हा घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला दिलेला हक्क आहे. तक्रार असेल तर पोलिसांत द्यावी. कळशी अडवून आणि रोप वाळवून न्याय होत नाही.

आणखी दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू असून, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसरे असे, की अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींसाठी ती आहे, जमातींसाठी नाही. त्यामुळे “ख्रिस्ती झालास, आता तुझा दाखला गेला” अशी धमकी कोणी आदिवासीला दिली तर तिला घाबरण्याचे कारण नाही.

त्या वाडीत कोणी खटला भरला नाही. शेजारची एक म्हातारी एके सकाळी डोक्यावर इरले घेऊन त्यांच्या खाचरात उतरली. “हिच्या सासूने माझी आवणी केलीय, मी हिची करणार,” एवढेच बोलली. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन सुना आल्या. बाकीची वाडी बांधावरून पाहत राहिली. उशिरा लागलेल्या त्या भाताचा उतारा कमीच आला. पण खाचर पडीक राहिले नाही. रविवारची प्रार्थनाही थांबली नाही, आणि त्या म्हातारीने आपल्या घरचा देवही बदलला नाही.