तीन मिनिटं वीस सेकंद



गेल्या वर्षी आमच्या बेळगावच्या धर्मग्रामातली एक मुलगी लग्नाची तारीख ठरवायला फादरांकडे आली होती. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात मीच तिला शिकवलेलं, म्हणून जाता जाता माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "टीचर, लग्नाचं शूटिंग आम्ही रिळावर करणार. जुन्या सुपर एट कॅमेऱ्यावर."

मी मनात म्हटलं, आली आणखी एक फॅशन! लग्नाच्या शूटिंगवर माझा आधीच राग. एका लग्नात नवऱ्याने नवरीच्या बोटात अंगठी घातली आणि कॅमेरावाला म्हणाला, "फोकस नव्हता, परत एकदा घाला." नवऱ्याने खरंच ती काढली आणि परत घातली! वेदीसमोर, फादरांच्या देखत. रडावं की हसावं, मला कळेना.

पण या मुलीने मला नीट समजावून सांगितलं. सुपर एट ही कोडॅक कंपनीने 1965 साली घरगुती वापरासाठी काढलेली फिल्म. एका डबीत 50 फूट. सेकंदाला 18 चित्रं या वेगाने ती 3 मिनिटं 20 सेकंदांत संपते. काय आलं ते लगेच बघता येत नाही, पुसून पुन्हा काढता येत नाही, आवाज उमटत नाही. महागही फार. तिने चार डब्याच घेतल्या होत्या. म्हणजे सगळं लग्न सव्वातेरा मिनिटांत!

"मग हा हट्ट कशाला?" मी विचारलं.

"टीचर, ताईच्या लग्नाचे साडेतीन हजार फोटो आहेत. एकदाही कुणी सगळे बघितले नाहीत."

लग्नाच्या दोन दिवस आधी चर्चमध्ये तालीम झाली. शूटिंग करणारा मुलगा हिंदू. मिस्सा त्याने कधी पाहिली नव्हती. आल्या आल्या त्याने उपासनेची पुस्तिका मागितली. "मॅडम, वचन कधी देतात? आधी कोण बोलतं? अंगठी नंतर का?" आणि पेन्सिलने खुणा करत बसला. इतक्या वर्षांत एकाही व्हिडिओवाल्याने मला हे विचारलं नव्हतं. ज्याच्याजवळ फिल्म थोडी, त्याला महत्त्वाचं काय ते आधी जाणून घ्यावं लागतं.

लग्नाच्या दिवशी तो बाजूच्या खांबापाशी उभा होता. मधूनच कॅमेऱ्याची बारीक घरघर ऐकू यायची आणि थांबायची. ख्रिस्तप्रसादाच्या अभिषेकाच्या वेळी तर तो कॅमेरा मांडीवर ठेवून बसूनच राहिला. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "तिथे काय चाललंय ते मला कळलं नाही. पण सगळे एकदम शांत झाले, म्हणून मीही थांबलो."

त्या रात्री मला आमच्या घरचं रीळ आठवलं. माझा मामा बोटीवर होता. आईपप्पांच्या लग्नाला, 1973 साली, तो असाच कॅमेरा घेऊन आला होता. एकच डबी. भावाने मागे ते रीळ कॉम्प्युटरवर उतरवून आणलंय. मी पप्पांना घेऊन ते बघायला बसले.

चर्चच्या पायऱ्या. बँडवाले. लुगड्याचा पदर सावरणारी आजी. आणि मग चार-पाच सेकंद आई. ती पप्पांकडे वळते, काहीतरी बोलते. ओठ हलतात, आवाज नाही.

माझ्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट तीन तासांची होती. तिच्यात माझा चेहरा बदामाच्या आकारात गरगर फिरतो, सगळ्यांच्या बोलण्यावर सिनेमाची गाणी चढवलेली आहेत, आणि आई एकदाच दिसते, तीही पाठमोरी. मला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली.

"पप्पा, काय म्हणाली होती ती?"

पप्पा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गर्दी बघून घाबरली होती. विचारलं, जेवण पुरेल ना?"

"मग? पुरलं?"

"पुरलं गं."

मला काना गावचं लग्न आठवलं. तिथेही हीच काळजी होती, आणि ती प्रथम एका आईच्याच लक्षात आली. संत योहानाने ते सगळं लग्न 11 वचनांत सांगितलंय. नवरी कशी दिसत होती, मांडव केवढा होता, यातलं काही नाही. दगडी रांजण सहा होते आणि सेवकांनी ते काठोकाठ भरले, हे मात्र न विसरता लिहिलं. त्याच्याजवळही जणू एकच डबी होती, आणि ती कशावर खर्चायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या मुलाने मला आणखी एक गोष्ट सांगितली. चित्र काढून झालं तरी फिल्मवर काही दिसत नाही. प्रकाश पडला तेव्हाच चित्र तिथे उमटलेलं असतं, पण रसायनात धुतल्यावाचून ते उघड होत नाही. विवाह संस्काराची कृपा मुलांना कशी समजवावी, हा मला नेहमी पडणारा प्रश्न. आता मी हेच उदाहरण देते. वेदीसमोर कृपा मिळाली, ती खरीच मिळाली. दिसायला मात्र आजारपणं, हप्ते, भांडणं आणि म्हातारपण यांतून जावं लागतं.

दोन महिन्यांनी रिळं धुऊन आली. मुलगी मला दाखवायला घेऊन आली. नवऱ्याने वचन दिलेलं नीट आलंय. तिची पाळी आली तेव्हा डबी संपत आली होती. तिने तोंड उघडलं आणि पडदाभर नारिंगी उजेड पसरला. बस, तेवढंच.

मला वाईट वाटलं. ती मात्र हसत म्हणाली, "टीचर, माझं वचन रेकॉर्डवरच नाही. म्हणजे मी मोकळी?"

"रजिस्टरात सही आहे तुझी, बाई," मी म्हटलं. "दोन साक्षीदारांची आहे, फादरांची आहे. आणि ज्याला वचन दिलंस, त्याने ऐकलंय."

प्रार्थना: प्रभू येशू, कानाच्या लग्नाला तू आमंत्रणावरून गेलास. आमच्या घरीही ये. जे पुन्हा घडणार नाही त्याच्याकडे नीट लक्ष द्यायला आम्हाला शिकव, आणि जे अजून दिसत नाही त्याची वाट पाहण्याचा धीर दे. आमेन.