आत्याचं ताट

वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा घरात सल्ल्यांचा पूर आला. कोणी कारल्याचा रस सुचवला, कोणी भात कायमचा बंद करा म्हणालं. रत्नागिरीकडे वाढलेले वडील. भाताविना त्यांचं जेवण होईना. आजारापेक्षा ताटाच्या धास्तीनंच ते खचत चालले होते. अशा वेळी आत्या आमच्याकडे राहायला आली. तिचे उपकार मला इथे मांडायचे आहेत.

आत्याचं सासर मंगळवेढ्याचं. मालदांडी ज्वारीचा तो मुलूख. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. यजमानांचा मधुमेह तिनं वर्षानुवर्षं सांभाळला होता, त्यामुळे ती बोलायची ते ऐकीव नसायचं. येताना तिनं ज्वारीच आणली आणि लागेल तेवढीच गिरणीतून दळून आणायला लावली, कारण शिळ्या पिठाची विरी जाते. परातीत पीठ गरम पाण्यानं तळहाताखाली रगडून मळायचं, थापताना कड चिरू द्यायची नाही, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा. हे सगळं तिनं आईला आणि मला हाताला धरून शिकवलं.

पण भाकरी म्हणजे औषध, असं तिनं कधी म्हटलं नाही. ज्वारीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात, त्यांची शेवटी साखरच होते. चार भाकऱ्या खाल्ल्या तर रक्तातली साखर चढणारच. फरक तंतूंचा आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम ३. भाज्या, डाळी, मेथीदाणे यांतले विरघळणारे तंतू पोटात बुळबुळीत होतात, अन्न सावकाश पुढे सरकतं आणि साखर रक्तात एकदम न उतरता हळूहळू उतरते. न विरघळणाऱ्या तंतूंनी पोट साफ राहतं. आतड्यातले जिवाणू काही तंतू आंबवून त्यांतून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात. वडिलांना हे सगळं नीट समजावून सांगितलेलं आवडायचं. धाकानं ते काही ऐकणारे नव्हते.

आत्यानं त्यांचा भात तोडला नाही. "दादा, भात खा, पण मूठभर, आणि शेवटी," एवढंच म्हणाली. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मग मेथीची भाजी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ, त्याबरोबर एक भाकरी, आणि अखेरीस तो आवडता आमटीभात. भाजी-उसळ आधी खाल्ली तर जेवणानंतर साखर कमी चढते, हे आता अभ्यासांतूनही दिसलं आहे. संत्र्याचा रस बंद झाला, अख्खं संत्रं सुरू झालं, कारण रस गाळताना चोथा जातो आणि साखर तेवढी उरते.

वडिलांची गोळी सुटली नाही, सुटावी असा आत्याचा हट्टही नव्हता. पण जेवणानंतरचे आकडे आटोक्यात आले आणि वडील पुन्हा सगळ्यांबरोबर पंगतीला बसू लागले. माझ्या लेखी ते देणं सर्वांत मोठं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खायला सांगते. तुमच्या घरात कोणाला नुकताच मधुमेह निघाला असेल, तर त्यांचं ताट हिरावून घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा आणि त्या आकड्याकडे पाहून ताटातला भात, भाकरी आणि भाजी यांचं प्रमाण ठरवा.