चारचाकी आत्याबाई

व्हीलचेअर आणली तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं: चला, काकांची सोय झाली. बाईसाहेब मात्र लग्नघरी उतरलेल्या मानकरी आत्याबाईच्या थाटात आल्या आणि आल्या आल्या घराच्या खोडी काढायला लागल्या. हॉलच्या दारातला संगमरवरी उंबरठा जेमतेम इंचभर. इतकी वर्षं कुणाच्या नजरेत आला नव्हता. हिची पुढची छोटी चाकं तिथेच अडली आणि काका पुढे कलंडता कलंडता राहिले. मग गालिचा गुंडाळला गेला, टीपॉय गॅलरीत गेला, फ्रिज सरकला. बाथरूमपाशी मात्र कुणाचंच काही चाललं नाही. दार २ फुटी, म्हणजे २४ इंच, आणि ही कडेपासून कडेपर्यंत २५. तिथून पुढची जबाबदारी एका अरुंद, चाकाच्या कमोड-खुर्चीने उचलली आहे. दोघींचं फारसं पटत नाही.

अंगाने दणकट, लोखंडी, १६-१८ किलोची; बैठक काळ्या रेक्झिनची. बैठकीला मधोमध धरून वर ओढलं की पोटातली कैची मिटते आणि ही भिंतीला टेकून उभी राहते. ही कैची अमेरिकेतली. खाणीतल्या अपघातानंतर पाय लुळे पडलेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३च्या सुमारास अशी घडीची खुर्ची तयार केली, मोटारीत मावावी म्हणून. आमच्याकडे मोटार नाही. रिक्षावाला हिला पाहून आधी मीटरकडे बघतो, मग दुसरीकडे.

सकाळी मामा येतात. काकांना सांभाळायला ठेवलेले, पण घरात खरा शब्द त्यांचाच. पहिलं वाक्य रोज तेच, "आधी ब्रेक." काकांची डावी बाजू पॅरालिसिसने गेलेली, म्हणून खुर्ची उजवीकडे, पलंगाला जरा तिरकी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे, पायपट्ट्या वर उचलायच्या. मग मामा काकांच्या कमरेच्या पट्ट्याला धरतात, काका उजवा हात खुर्चीच्या हातावर रोवतात, आणि "एक, दोन, हं" म्हणेस्तोवर काका उठून, अर्धवट वळून, बैठकीत. ब्रेक विसरला तर नेमक्या त्या क्षणी ही मागे सरकते. ब्रेक विसरलेला हिला खपत नाही. फार वेळ एकाच जागी बसवून ठेवलेलंही खपत नाही. बुडाला लाल चट्टा उठतो, त्याकडे काणाडोळा केला की जखम होते. म्हणून खाली हवेची गादी, आणि मधूनमधून मामांचं "काका, जरा उजवीकडे".

खाणंही विचित्र. पुढच्या चाकांच्या कण्यांत काकूंचे केस, सुतळी, एकदा तर जपमाळेचा तुटका दोरा निघाला. चाक जड फिरायला लागलं की मामा खाली बसून ब्लेडने ते सगळं कापून काढतात आणि काकूंकडे बघतात. काकू दुसरीकडे बघतात.

बाहेर पडायचं म्हणजे इमारतीच्या तीन पायऱ्या. १६-१८ इंचांची चढण. नियमाचा उतार एकास बारा, म्हणजे १६-१८ फुटांचा रॅम्प हवा, आणि तेवढ्या जागेत सध्या दोन स्कूटर आणि सेक्रेटरींच्या कुंड्या आहेत. "पुढच्या मीटिंगला घेऊ," असं ते म्हणतात. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा त्यांना ठाऊक आहे. कुंड्या त्याहून जुन्या आहेत. तोवर दोघांनी धरून हिला उलटी उतरवायची, मोठी चाकं आधी, काकांची पाठ रस्त्याकडे.

हिचा एक दोष मात्र मला खरंच खुपतो. मागच्या दोन दांड्या. त्या धरून जो उभा असतो, लोक त्याच्याशीच बोलतात. परवा एका ओळखीच्यांकडे गेलो, तर यजमानीणबाईंनी काकांच्या डोक्यावरून मला विचारलं, "यांना साखर चालते का हो?"

"दोन चमचे," काका म्हणाले. "आणि खारी असेल तर तीही."