मागचे दार

डॉक्टर जेकिलच्या घराला दोन दारे होती, ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहते ते औषध! तो फसफसणारा पेला, त्यातले रंग बदलणारे पाणी, आणि ते पोटात गेल्यावर सभ्य डॉक्टराचा होणारा तो ठेंगणा, ओंगळ हाइड. सिनेमावाल्यांनी तर त्या पेल्याचे भलतेच कौतुक केले. १९३१ च्या बोलपटात ही दुहेरी भूमिका करणाऱ्या फ्रेडरिक मार्चला ऑस्कर मिळाले आणि १९४१ साली स्पेन्सर ट्रेसीने तोच पेला पुन्हा तोंडाला लावला. पण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची मूळ चोपडी (हो, चोपडीच, १८८६ च्या जानेवारीत लंडनला ती एका शिलिंगाला मिळत असे) औषधापासून सुरू होत नाही, दारापासून होते. एक वकील आणि त्याचा दूरचा नातलग रविवारचे फिरायला निघालेले असतात. वाटेत एका गल्लीत दार दिसते. त्याला घंटा नाही, ठोठवायला कडी नाही, रंगाचे पोपडे निघालेले. हाइड या दारातून जा-ये करतो. पुढे केव्हातरी कळते की, कोपऱ्यावरून वळून चौकात गेले म्हणजे जे भारदस्त घर लागते, जिथे शेकोटी पेटलेली असते आणि म्हातारा नोकर अदबीने दार उघडतो, त्याच घराची ही मागची बाजू!

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांना दार एकच होते.

कॉलेजात असताना मी ही गोष्ट प्रथम वाचली, तेव्हा मला भीती अशी वाटलीच नाही. वाटले ते एवढेच, की हे सारे आपल्या माहितीचे आहे. आमचे अण्णा चाळीत सर्वांचे अण्णा होते. कुणाचा अर्ज लिहायचा असो, कुणाच्या मुलीच्या लग्नाची याद करायची असो, माणसे त्यांच्याकडे येत. गरीब मुलांच्या फिया ते परस्पर भरीत आणि त्याची वाच्यता करीत नसत. हे सारे खरे होते. आणि संध्याकाळी जिन्यावर त्यांच्या वहाणा वाजल्या की आम्ही तिघे भावंडे पुस्तके उघडून भिंतीला टेकून बसत होतो, हेही खरेच होते. भाजीत मीठ जास्त पडले म्हणून ते ताट सरकवीत आणि मग आईला तासन् तास बोलत. आवाज मात्र कधी चढत नसे. चाळीच्या भिंती पातळ! त्या हलक्या आवाजात ते तिच्या माहेराबद्दल, तिच्या अकलेबद्दल, तिच्या रूपाबद्दल जे बोलत ते मी इथे लिहिणार नाही. एवढ्यात कडी वाजे. अर्ध्या श्वासात त्यांचा चेहरा पालटे. “या, या! बसा. अहो ऐकलंत का, चहा टाका बरं!” आणि आई पदराने डोळे पुसून चहा टाकी.

जेकिलला हाइड व्हायला औषध लागे. अण्णांना जेकिल व्हायला नुसती कडी वाजलेली पुरे होई.

स्टीव्हन्सनला हे कुठून सुचले, याचे उत्तर त्याच्या गावात आहे. तो एडिंबरोचा, १८५० साली जन्मलेला, दीपगृहे बांधणाऱ्या धर्मनिष्ठ इंजिनियराचा एकुलता एक मुलगा. ते शहरच दोन तोंडांचे. एकीकडे नव्या वस्तीतले आखीव रस्ते आणि सभ्य घरे, दुसरीकडे टेकडीच्या धारेवर जुन्या वस्तीतली कोंदट बोळे. लहानपणी तो ज्या खोलीत झोपे तिथे एक कपाट होते. ते बनवणारा विल्यम ब्रॉडी हा सुतारांचा मुख्य पंच आणि नगरसभेचा सभासद. दिवसा तो श्रीमंतांच्या घरी कुलपे-कपाटे दुरुस्त करी आणि त्यांच्या किल्ल्यांचे ठसे घेऊन ठेवी. रात्री त्याच किल्ल्यांनी त्यांची घरे फोडी. जुगाराचा नाद, दोन ठेवलेल्या बाया, त्यांची पाच पोरे. पंचाच्या मिळकतीत भागणार कसे? १७८८ साली अबकारी कचेरीवरची चोरी अंगाशी आली. गडी अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत पळाला, तिथे धरला गेला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला फासावर गेला. ते कपाट एडिंबरोच्या लेखक-संग्रहालयात आजही पाहायला मिळते. आजारी, जागरणाची सवय असलेल्या त्या पोराने रात्री अंथरुणातून त्या कपाटाकडे पाहून काय काय कल्पिले असेल!

मोठेपणी त्याने मित्राच्या मदतीने ब्रॉडीवर नाटकही लिहिले. ते काही चालले नाही, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. ब्रॉडी हा शेवटी मुखवटा घातलेला चोर. मुखवटा काढला की खेळ संपला. खरी गोष्ट हाती लागली ती १८८५ साली, बोर्नमथला, स्वप्नात. झोपेत ओरडतो आहे म्हणून बायकोने हलवून जागे केले, तर हा तिच्यावरच रागावला. इतकी चांगली भुताची गोष्ट मध्येच तोडली म्हणून! पहिला खर्डा तिला पसंत पडला नाही, तेव्हा तो त्याने चुलीत घातला आणि नव्याने लिहायला बसला. जगातल्या किती लेखकांच्या बायकांना एवढा मान मिळाला असेल?

तसे हे जोडीदाराचे वेड त्याच्या आधीचेही आहे. अमेरिकेत पो याने १८३९ साली एका गोष्टीत माणसाची सद्सद्विवेकबुद्धीच त्याच्या नावाने, त्याच्या रूपाने त्याच्यामागे लावून दिली. त्याहूनही भयंकर जेम्स हॉग. हा स्कॉटलंडचा खराखुरा मेंढपाळ. त्याच्या १८२४ च्या कादंबरीतला तरुण, आपण देवाने आधीच निवडलेले आहोत, तेव्हा आपल्या हातून होईल ते पुण्यच, या खात्रीने खून पाडतो. त्याला मागच्या दाराची गरजच नाही. तो सरळ पुढच्या दाराने जातो.

पण मी पुन्हा पुन्हा वळतो ते जेकिलच्या शेवटच्या कबुलीजबाबाकडे. लोक समजतात तसा तो चांगल्या-वाइटाचा झगडा नाही. जेकिलला वाईटपणा सोडायचा नव्हता, त्याचा बोभाटा तेवढा नको होता. हाइड अंगाने लहान का, तर आयुष्यभर त्या बाजूला व्यायाम कमी पडलेला. पुढे पुढे तो वाढत जातो. आणि एका सकाळी डॉक्टर औषधाशिवाय जागा होतो, तर पांघरुणावर हाइडचा केसाळ हात! लिहिता लिहिता तो हाइडला ‘मी’ म्हणायचे सोडून ‘तो’ म्हणू लागतो, तिथे माझ्या अंगावर काटा येतो. हाइड केवळ विलासी लंपट, असे एका टीकाकाराने ठरवले, तेव्हा स्टीव्हन्सनने पत्र लिहून बजावले की, दोष जेकिलच्या दांभिकपणात आहे. लंडनच्या रंगभूमीवर १८८८ साली हे नाटक चालू असताना शहरात बायकांचे खून पडत होते. एका पत्रलेखकाने पोलिसांना कळवले की, हाइड इतका हुबेहूब रंगवणारा नटच खुनी असावा. लोकांना हाइड निराळा माणूस म्हणून हवा असतो, म्हणजे मग त्याला पकडता येते.

अण्णा गेले तेव्हा चाळ लोटली. “देवमाणूस गेला,” जो तो म्हणे आणि आई मान हलवी. तेराव्यानंतर एकदा मी तिला विचारले, “तू होकार का देत होतीस?” ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “ते म्हणत होते ते काही खोटं नव्हतं रे.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि तू म्हणतोस तेही नाही.” पुन्हा तो विषय तिने काढू दिला नाही.

गोष्टीतल्या वकिलाच्या कारकुनाला हाइडचे आणि जेकिलचे अक्षर शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसते की, वळण एकच आहे, फक्त कल निराळा. अण्णांच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आहेत. एका पानावर कुणा मुलाच्या परीक्षेच्या फीचे पंधरा रुपये आहेत. त्याखालीच, त्याच तारखेला, आईला वाणसामानासाठी दिलेल्या रकमेतून कापलेले दोन रुपये, आणि पुढे कारण: ‘उलट उत्तर’. अक्षर सुंदर आहे. कलसुद्धा बदललेला नाही.