हात खिशात ठेवणारे आजोबा

मिशिगनमधल्या आमच्या शेजारच्या आजोबांनी माझ्या इंजिनाला कधी बोट लावलं नाही. त्यांचं माझ्यावरचं ऋण नेमकं तेच.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, पण त्यांनी मला तिथं हात काळे करू दिले नाहीत. ‘तू शिक, साहेब हो’ एवढंच. शिकलो, डेट्रॉइटच्या उत्तरेला गाड्यांच्या एका कंपनीत लागलो आणि वर्षानुवर्षं इंजिनं फक्त संगणकाच्या पडद्यावर फिरवली. पन्नाशी जवळ आल्यावर कुठून बुद्धी झाली कोण जाणे, १९६८ची पाँटिअ‍ॅक जीटीओ घेतली.

इकडे या गाडीचं नाव काढलं की म्हातारी माणसं तरुण होतात. १९६४मध्ये पाँटिअ‍ॅकच्या जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचांचं इंजिन बसवलं. तेवढ्या गाडीला तेवढं इंजिन देणं पाँटिअ‍ॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सच्या नियमात बसत नव्हतं. मग नवं मॉडेल न म्हणता ‘जादा पैसे भरून मिळणारा पर्याय’ म्हणून ते यादीत सरकवलं. पळवाटा शोधण्यात आपणच पटाईत असं मला उगाच वाटायचं! मसल कारचं खूळ तिथून फोफावलं. माझ्या गाडीत ४०० घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.६ लिटरचं इंजिन. आपल्या मारुती ८००ची आठ इंजिनं एकत्र बांधली तरी थोडी कमीच पडतील.

ते इंजिन तेल पीत होतं आणि निळा धूर सोडत होतं. गॅरेजमध्ये ते स्टँडवर चढलं त्याच संध्याकाळी समोरचे आजोबा रस्ता ओलांडून आले. माझी मुलगी त्यांना ‘ग्रँपा’ म्हणायची, म्हणून आम्हा सगळ्यांचेच ते आजोबा. पाँटिअ‍ॅक शहरातल्या इंजिन कारखान्यातून निवृत्त झालेले. ओव्हरऑलच्या खिशात हात घालून त्यांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, “आधी तेलाची टाकी खोल. खाली प्लॅस्टिकचे तुकडे सापडतील.”

सापडले. त्या काळात टायमिंग चेनच्या वरच्या चक्राला आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे दात देत. ते वयोमानानं ठिसूळ होतात, तुटून खाली पडतात आणि तेलपंपाच्या जाळीत अडकतात. मी थक्क. आजोबांचा चेहरा मात्र मख्ख.

तो अख्खा हिवाळा ते येत राहिले. बाहेर बर्फ, आत छोटा हीटर, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर ते. “गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे,” असं बायको म्हणायची, पण त्यांच्या कॉफीत कधी खंड पडला नाही.

मी कॅटलॉग घेऊन बसायचो. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे हेड, मोठा कार्ब्युरेटर, अमुक अश्वशक्तीची हमी. आजोबा ऐकून घेत आणि विचारत, “आणि रॉड?” पाँटिअ‍ॅकचे मूळचे कनेक्टिंग रॉड ओतीव. जास्त फेऱ्यांवर इंजिन ताणलं की आधी तेच दगा देतात आणि जाताना ब्लॉकला भोक पाडतात. तेव्हा पहिला पैसा घडीव रॉडवर. दुसरा व्हॉल्व्हच्या सीटवर, कारण शिसं असलेलं पेट्रोल गेलं आणि त्याबरोबर जुन्या सीटना मिळणारं संरक्षणही गेलं. तिसऱ्या गोष्टीवर आमचं बिनसलंच. मूळ कॉम्प्रेशन १०.७५ला एक. ते वाढवायचं सोडून कमी करायला सांगतात म्हणजे काय? “हेड लोखंडी आहेत,” ते म्हणाले. “आज पंपावर मिळतं त्या पेट्रोलवर हे इंजिन चढावर ठोकायला लागेल. तुला कागदावर आकडा हवाय की वुडवर्ड रस्त्यावर पळणारी गाडी?” मी मुकाट्यानं खोलगट डोक्याचे पिस्टन मागवले. ब्लॉक मशीन शॉपमधून तीस थाऊ, म्हणजे इंचाचे तीस हजारांश, बोअर होऊन आला.

खरी शिकवणी बेअरिंगची. क्रँकच्या स्वच्छ पुसलेल्या जर्नलवर फट मोजायच्या प्लॅस्टिगेजचा दोऱ्याएवढा तुकडा आडवा ठेवायचा, मेन कॅप बसवायची आणि टॉर्क पान्यानं १०० फूट-पाउंडांपर्यंत आवळायची. मागची तेवढी १२०. मध्ये क्रँक तसूभरही फिरवायचा नाही. मग कॅप उचलायची. हिरवा दोरा चेपून पट्टी झालेली असते. पाकिटावरच्या पट्ट्यांशी तिची रुंदी ताडायची. पट्टी रुंद तर फट कमी, अरुंद तर जास्त. तीन इंची जर्नलला दोन ते तीन थाऊ फट हवी. माझी पट्टी दोन आणि अडीचच्या मधली दिसत होती. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. “पट्टी तू वाचलीस ना?”

इतकं येतंय तर एखादा बोल्ट का आवळत नाहीत, असं मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, “कारखान्यात माझ्या वाट्याला मेन कॅपच होत्या. बाकीचं इंजिन पट्ट्यावरून पुढं जायचं. माझ्या हातच्या कॅप असलेली इंजिनं देशभर फिरतायत. हे तुझ्या हातचं होऊ दे.”

मला माझे वडील आठवले. दोघंही आपापल्या परीनं माझं भलंच पाहत होते. पण गॅरेजमध्ये उभा राहून मी कुणाच्या बाजूनं होतो, ते सांगायला नको.

सुरू करायच्या दिवशी आधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलनं तेलपंप फिरवला, रॉकरवर तेल दिसेपर्यंत. नवा फ्लॅट टॅपेट कॅम असला की इंजिन पेटल्यावर ते आयडलवर सोडायचं नाही. वीसेक मिनिटं दोन हजारांच्या वर फेऱ्या ठेवायच्या, नाहीतर कॅमचे उंचवटे घासून जातात. तेलातही जस्त भरपूर लागतं. त्या दिवशी आजोबांचे हात पहिल्यांदा खिशाबाहेर आले, आणि त्यात अग्निशामक होता.

पैशांचं पाकीट त्यांनी घेतलं नाही. गिफ्ट कार्डही परत आलं. आई तेव्हा कोल्हापूरहून आली होती. ती म्हणाली, “अरे, मास्तरांना कुणी मजुरी देतं काय? जेवायला बोलव.” तांबडा रस्सा त्यांनी घाम पुसत पुसत तीन वाट्या घेतला. आईला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी. दोघांचं छान चाललं होतं. माझ्याच तक्रारी चालल्या असाव्यात असा माझा संशय आहे.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथं मी त्यांच्यापुढे किल्ली धरली. ही मात्र त्यांनी घेतली. सिग्नल सुटल्यावर सीटमध्ये पाठ रुतली तेव्हा कळलं, गृहस्थ अजिबात शांत नाहीत.

आता ते जॉर्जियात मुलीकडे असतात. फोनवर तब्येतीच्या आधी ऑइल प्रेशर विचारतात. परवा मी फुशारकीनं सांगितलं, “साठ!”

“गरम इंजिनावर की थंड?”

थंडच होतं. गाडी फिरवून आणली आणि पुन्हा फोन लावला.